एका खटक्याची कुकी

नमस्कार श्रोतेहो. नाताळ जवळ आला, की ज्या कुकीजचे डबे भरायला घेतले जातात, त्यांतल्या एकीबद्दल आज बोलू या. जेमतेम दोन घासांची, फुलाच्या, चांदणीच्या नाहीतर झाडाच्या आकाराची, अंगावर ठसठशीत रेघा उमटलेली बटर कुकी. ही लाटायची नाही आणि साच्यानं कापायचीही नाही. यंत्रात पीठ भरायचं, खटका दाबायचा आणि कुकी थेट ट्रेवर पाडायची. जर्मनीत हिला श्प्रिट्सगेबेक म्हणतात. श्प्रिट्सेन म्हणजे पिचकारीसारखं जोरात बाहेर ढकलणं, आणि नावातच सगळी कृती आली. तिथल्या कितीतरी घरांत वेगळं यंत्र नसतंच. खिमा करायच्या यंत्राच्या तोंडाला नक्षीची पट्टी बसवतात, पिठाच्या लांब पट्ट्या काढतात, त्यांची कडी वळवतात आणि भाजून झाल्यावर टोकं चॉकलेटमध्ये बुडवतात. स्वीडन, नॉर्वेकडेही हीच कुकी नाताळच्या ताटात असते.

आज आपण हाताच्या प्रेसनं करायची रीत पाहू. सोऱ्या वापरणाऱ्यांना हे यंत्र नवं वाटणार नाही: एक नळा, आत दट्ट्या, तोंडाशी नक्षीची चकती, चकती धरून ठेवणारं फिरकीचं कडं. फरक एवढाच, की इथे दट्ट्या खटक्यानं ठरावीक अंतर पुढे सरकतो. एक खटका, एक कुकी.

आता एक गोष्ट आधी मनात पक्की धरा, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. प्रेस वर उचलताना पीठ ट्रेला धरून राहिलं पाहिजे आणि चकतीपासून सुटलं पाहिजे. ट्रेची पकड चकतीपेक्षा जास्त हवी. कुकी पडत नाही म्हणून लोक प्रेस बदलतात, कृती बदलतात, आणि दोष निघतो बटरच्या तापमानात नाहीतर ट्रेवर घातलेल्या कागदात.

कागद-पेन्सिल घ्या, प्रमाण सांगते. बिनमिठाचं बटर २२५ ग्रॅम. पिठीसाखर १२० ग्रॅम. एक अंडं, फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं. मैदा २८० ग्रॅम. मीठ अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा आणि आवडत असेल तर बदामाचा अर्क पाव चमचा, त्याहून जास्त नको, तो फार उग्र असतो. पुन्हा सांगते: बटर २२५, साखर १२०, मैदा २८०, एक अंडं. यात साधारण साठ-पासष्ट कुकीज होतात. बटर खारं असेल, तर वरचं मीठ घालू नका. बेकिंग पावडर मी विसरलेले नाही, ती यात घालायचीच नाही. कुकी फुगली, की रेघा पुसल्या जातात.

मैदा वजन करूनच घ्या, हा माझा आग्रह आहे. चमच्यानं हलकेच भरलेला एक कप मैदा १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला, तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. या कृतीला सव्वादोन कप लागतात, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम मैदा नकळत जास्त पडू शकतो. एवढ्यानं पीठ इतकं घट्ट होतं, की दट्ट्या सरकत नाही, आणि कुकी पडलीच तर कडांना तडे जातात.

आता बटर. ते मऊ हवं, पातळ नको. तापमापक असेल तर १८ ते २० अंश सेल्सिअस. नसेल तर बोटानं दाबून बघा: खळगा पडून तसाच राहिला पाहिजे, पण बोट आरपार जायला नको आणि पृष्ठभागावर तेलाची चकाकी दिसायला नको. बटरचे लहान तुकडे करून ताटलीत पसरून ठेवले, तर ते सगळीकडून सारखं मऊ होतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. तिथे बाहेरून घट्ट दिसणारं बटर आतून वितळलेलं असतं. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १५ ते १६ टक्के पाणी असतं. वितळलं की हे दोन वेगळे होतात, आणि पुन्हा गोठवलं तरी आधीसारखे एकत्र येत नाहीत. अशा बटरचं पीठ तेलकट होतं, ट्रेवरून घसरतं आणि ओव्हनमध्ये पसरतं. ब्रेडवर लावायचे डब्यातले मऊ स्प्रेड तर या कामाचेच नाहीत, त्यांत पाणी बरंच जास्त असतं.

बटर, साखर आणि मीठ एकत्र फेटा. केकसाठी पाच-सहा मिनिटं फेटायची सवय असते, इथे दोन मिनिटं पुरेत. मिश्रण एकजीव आणि फिकट झालं, की थांबा. जास्त फेटलं, की हवा कोंडते, ती ओव्हनमध्ये फुगते आणि नक्षी बोथट होते. मग अंडं आणि व्हॅनिला घालून अर्धा-एक मिनिट फेटा. अंडं गार असेल, तर बटर आखडतं आणि मिश्रण फुटल्यासारखं दिसतं. तसं झालं तर घाबरू नका, मैदा घातल्यावर बऱ्यापैकी सावरतं. मैदा चाळून, दोन भागांत, यंत्राच्या सगळ्यांत कमी वेगावर नाहीतर हातानंच मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं, की हात काढा. मळू नका. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, पीठ रबरासारखं मागे खेचतं आणि कुकी चिवट होते. बेदाणे, काजूचे तुकडे, चॉकलेटच्या गोळ्या या पिठात चालत नाहीत. एक तुकडा चकतीच्या फटीत अडकला, की पुढची प्रत्येक कुकी त्या बाजूनं लंगडी.

तयार पीठ हाताला मऊ लागतं आणि थोडं चिकटतं, पण बोटांवर लडबडत नाही. ते फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. बाकीच्या बऱ्याच कुकीजना थंडावा हवा असतो, म्हणून इथे हमखास गोंधळ होतो. थंड पिठातलं बटर कडक होतं. मग ते चकतीतून निघतही नाही आणि ट्रेला धरतही नाही.

थंड हवा तो ट्रे. फिकट रंगाचा, ॲल्युमिनियमचा, साधा ट्रे घ्या. बटर लावू नका, मैदा भुरभुरू नका, बेकिंग पेपर नको, सिलिकॉनची चटईही नको. अगदी उघडा, स्वच्छ, कोरडा धातू. कुकी चिकटून बसेल ही भीती सोडा. पिठात बटर इतकं आहे, की भाजल्यावर ती आपोआप सुटते. कागद घातला, तर प्रेस उचलताना पीठ कागदासकट वर येतं. ट्रे दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलात तर आणखी उत्तम: पीठ टेकताक्षणी तळाचं बटर गोठतं आणि धातूला घट्ट धरतं. फक्त ट्रेला दव सुटलं असेल, तर पुसून घ्या. ओल्या ट्रेवर पीठ धरत नाही. पिशवीतून नोझलनं पाडणार असाल, तेव्हा मात्र कागद चालतो, कारण तिथे उचलताना ओढ बसत नाही.

आता प्रेस भरू या. पिठाची नळ्यापेक्षा किंचित बारीक वळी करा आणि आत सरकवा. तुकडे तुकडे कोंबले, तर मध्ये हवा राहते आणि मग अर्धीच कुकी पडते. चकतीची कोणती बाजू बाहेर यायची ते प्रत्येक प्रेसचं वेगळं असतं. उलटी बसली तर आकार येत नाही, म्हणून सोबतचा कागद एकदा बघा. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी फुलाची नाहीतर कड्याची चकती घ्यावी. त्यांची भोकं सगळीकडे सारखी असतात, पीठ एका दमात सुटतं. बारीक लांब पायांच्या नक्षी आणि झाडाची चकती हात बसल्यावर घ्या.

प्रेस अगदी उभा धरा, पाया ट्रेला पूर्ण टेकलेला. तिरका धरला, तर एक बाजू जाड, दुसरी पातळ. एक खटका दाबा, मनात एक अंक मोजा आणि सरळ वर उचला. झटका देऊ नका, फिरवू नका. दाबत असताना उचलू नका. सुरुवातीला पीठ चकतीपर्यंत पोचायला दोन-तीन खटके जातात, आणि पहिल्या तीन-चार कुकीज वाकड्याच पडतात. त्या खरवडून परत पिठात टाका, काही बिघडत नाही. दोन कुकीजमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जागा पुरते.

पीठ चकतीला लटकून राहतंय? आधी चकतीचं बाहेरचं तोंड पुसा, तिथे जुना थर चिकटलेला असतो. तरी नाही सुटलं, तर ट्रेला हात लावून बघा, कोमट असेल. ट्रे थंड असूनही सुटत नसेल आणि दाबायला जोर लागत असेल, तर पीठ घट्ट आहे. एक छोटा चमचा दूध मिसळा आणि पुन्हा बघा. उलट, पीठ सहज येतं पण कडा चिखलासारख्या पसरतात, तर ते तापलं आहे. हाताच्या उबेनं नळाही तापतो. भरलेला प्रेस पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. लगेच मैदा घालायला धावू नका. चुकीच्या निदानावर घातलेला मैदा परत काढता येत नाही.

रंगीत साखर, मणी, चेरीचा कण हे सगळं भाजण्याआधी लावायचं, आणि हलकेच दाबायचं. साखर गळत असेल, तर अंड्याचा पांढरा भाग ब्रशनं अगदी पुसट लावा. पिठाला रंग द्यायचा तर जेलचा द्या. पाण्यासारख्या रंगानं पीठ सैल होतं. कोकोच्या कुकीज हव्या असतील, तर ३० ग्रॅम मैदा कमी करून तेवढाच कोको चाळून घाला. कोको ओलावा जास्त शोषतो, म्हणून एखादा चमचा दूध लागेल. अंडं चालत नसेल, तर त्याऐवजी दोन मोठे चमचे दूध घ्या आणि अंदाज पाहून तिसरा. कुकी थोडी जास्त ठिसूळ होते, आकार मात्र धरते.

ओव्हन १९० अंश सेल्सिअसवर पूर्ण तापलेला हवा. पंख्याचा असेल तर १७० ते १७५. कमी तापलेल्या ओव्हनमध्ये आकार पक्का होण्याआधीच बटर वितळून वाहतं. मधल्या फळीवर, एका वेळी एकच ट्रे ठेवा. वेळ आठ ते दहा मिनिटं, पाचव्या मिनिटाला ट्रे फिरवा. ट्रे गडद रंगाचा असेल, तर सहाव्या मिनिटापासूनच लक्ष ठेवा, तळ पटकन करपतो. वरचा रंग येण्याची वाट पाहू नका! वरून कुकी फिकटच राहते. फक्त तळाची कड सोनेरी झाली, की काढायची.

बाहेर काढल्यावर दोन मिनिटं ट्रेवरच राहू द्या. गरम असताना बटर पातळ असतं, लगेच उचललीत तर चुरा होईल. मग पातळ उलथन्यानं जाळीवर काढा. ट्रेवर पूर्ण गार होऊन एखादी धरून बसली, तर ट्रे मिनिटभर परत ओव्हनमध्ये ठेवा, सुटेल. पुढच्या खेपेला मात्र गरम ट्रे वापरू नका. दोन-तीन ट्रे आळीपाळीनं घ्या, किंवा तोच ट्रे गार पाण्याखाली धरून खडखडीत कोरडा करा. पहिली खेप सुंदर आणि दुसरी पसरलेली, या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा गरम ट्रेच असतं.

पूर्ण गार झालेल्या कुकीज घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे चांगल्या राहतात. केक किंवा मऊ पदार्थ त्याच डब्यात ठेवू नका, कुकीज त्यांचा ओलावा ओढून घेतात. दोन कुकीजमध्ये जॅम भरायचा तर खायच्या दिवशीच भरा. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतात. बाहेर काढल्यावर डबा उघडू नका. आतल्या कुकीज खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा, नाहीतर हवेतली वाफ त्यांच्यावर जमते. आणि मुलं स्वयंपाकघरात असतील, तर त्यांना कच्चं पीठ चाखू देऊ नका, त्यात कच्चं अंडं आणि न भाजलेला मैदा आहे.

प्रेस धुताना आधी कागदानं बटर पुसून घ्या, मग गरम पाणी आणि साबण. ॲल्युमिनियमच्या चकत्या डिशवॉशरमध्ये काळ्या पडतात, त्या हातानंच धुवा आणि फटींत पाणी राहणार नाही अशा पुसा. नळ्याच्या तळाशी चमचाभर पीठ नेहमीच उरतं, तिथवर दट्ट्या पोचत नाही. ते काढून हातानं छोटे गोळे करा, काट्यानं दाबा आणि शेवटच्या ट्रेच्या कोपऱ्यात लावा. जाड असल्यामुळे त्यांना दोन मिनिटं जास्त लागतील, तेव्हा बाकीच्या कुकीज काढून घेऊन ट्रे परत आत सरकवा.