तटबंदीजवळचा फिलिस्कस

[दृश्य – उत्तर एजियन समुद्रातलं थासोस बेट. प्राचीन तटबंदीचे अवशेष.]

फिलिस्कस तटबंदीजवळ राहायचा. त्याचं वय किती, धंदा कोणता, घरी कोण कोण होतं, हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच, की त्याला ताप भरला आणि त्याने अंथरूण धरलं. ही इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरची गोष्ट.

पहिल्या दिवशी कडक ताप आणि घाम. रात्र तळमळत गेली. दुसऱ्या दिवशी सगळंच वाढलं. संध्याकाळी पोट साफ होण्यासाठी उपाय केला, तेव्हा रात्र जरा शांत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरल्यासारखा वाटला. घरच्यांच्या जिवात जीव आला असेल. पण संध्याकाळी तो पुन्हा चढला. जीभ कोरडी पडली, लघवी काळी झाली आणि रात्री फिलिस्कसचं भान हरपलं. चौथा दिवस आणखी वाईट. पाचव्या दिवशी दुपारी नाकातून थोडं रक्त आलं. रात्री तो असंबद्ध बोलत राहिला, हातपाय गार पडले, ते पुन्हा गरम झालेच नाहीत. पहाटेपर्यंत वाचा गेली. सहाव्या दिवशी दुपारच्या सुमारास तो वारला.

खाटेशेजारी बसलेल्या वैद्याने हे सगळं टिपलं आणि शेवटी आणखी काही ओळी जोडल्या. प्लीहा फुगून गोल झाली होती. गार घाम शेवटपर्यंत होता. दुखणं सम दिवशी जोर करायचं. आणि श्वास? एखाद्याला श्वास घ्यायचं मधूनच आठवावं, तसा तो खोल आणि बऱ्याच वेळाने येत होता.

मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णाचा असा थांबून थांबून चालणारा श्वास पुढे डब्लिनच्या दोन डॉक्टरांनी वर्णन केला, जॉन चेन यांनी 1818 साली आणि विल्यम स्टोक्स यांनी 1854 साली. त्या दोघांचं नाव त्या श्वसनाला मिळालं. थासोसच्या वैद्याचं नाव मात्र खात्रीने सांगता येत नाही.

[दृश्य – हस्तलिखिताची पानं.]

या नोंदी हिपोक्रेटिसच्या नावावर आहेत. हिपोक्रेटिस हा कोस बेटावरचा ग्रीक वैद्य, जन्म इ.स.पू. 460 च्या सुमारास. त्याच्या नावाने साठेक ग्रंथ सांगितले जातात, पण ते एका हातचे नाहीत आणि एका काळचेही नाहीत. त्यातल्या ‘एपिडेमिक्स’ या संग्रहाचा पहिला आणि तिसरा भाग एकमेकांशी जुळणारा आहे. दोन्ही मिळून 42 रुग्णांच्या हकिगती त्यात आहेत.

त्या 42 पैकी 25 जण दगावले.

हा आकडा मला ग्रीक वैद्यकातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. वैद्याचं पोट त्याच्या नावलौकिकावर चालायचं. गावोगाव फिरणाऱ्या या माणसांकडे पदवी नव्हती, परवाना नव्हता. अशा माणसाने आपल्या हातून न वाचलेले रुग्ण नाव-पत्त्यासकट लिहून ठेवायचे, दिवसागणिक लिहायचे, आणि त्यात कुणाला दोष द्यायचा नाही की सबब सांगायची नाही!

[दृश्य – एपिदॉरस. देवळाचे चौथरे, पाइनची झाडं, मागे दगडी नाट्यगृह.]

या मोठेपणाचं माप नीट कळायला थासोसवरून दक्षिणेला, ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पातल्या एपिदॉरसला यावं लागतं. इथलं देऊळ अस्क्लेपियसचं, आरोग्य देणाऱ्या देवाचं. दुखणाईत माणसं लांबून यायची, स्नान करायची, बळी द्यायची आणि रात्री आबातोन नावाच्या ओवरीत झोपायची. स्वप्नात देव येऊन बरं करतो किंवा उपाय सांगतो, अशी श्रद्धा. आवारात देवाचे साप असायचे, कुत्रे असायचे. त्यांनी जखम चाटून माणूस बरा झाल्याच्या गोष्टी आहेत.

या गोष्टी दगडात कोरलेल्या आहेत. इ.स. दुसऱ्या शतकात पौसानियास हा प्रवासी इथे आला तेव्हा असे सहा शिलालेख उभे होते, आणि पूर्वी याहून जास्त होते असं तो लिहितो. 1881 पासून पानायोतिस काव्वादियास यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा त्यातले काही सापडले. सुमारे 70 हकिगती आज वाचता येतात.

पहिलीच आहे क्लेओची. पाच वर्षं गरोदर राहिलेली बाई. ती आबातोनमध्ये झोपली, बाहेर पडताच मुलगा झाला, आणि त्या मुलाने लगेच झऱ्यावर स्वतःच अंग धुतलं. अथेन्सहून आलेली अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी होती. पांगळे नुसत्या स्वप्नाने चालायला लागतात यावर ती हसली. देवाने तिला डोळा दिला, पण अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहायला लावलं.

आणि युफानेस. मुतखड्याने बेजार झालेला एपिदॉरसचाच एक लहान मुलगा. देवाने स्वप्नात विचारलं, “तुला बरं केलं तर मला काय देशील?” मुलगा म्हणाला, “दहा फासे.” हाडाचे, खेळायचे फासे; त्याच्याजवळ तेवढीच दौलत असणार. देव हसला, बरं करीन म्हणाला. सकाळी पोरगा ठणठणीत होऊन बाहेर आला.

ही गोष्ट वाचून कुणी देवळाला भोंदूपणाचा अड्डा म्हणायला लागलं, तर मला ते पटणार नाही. निवांत जागा, स्वच्छ पाणी, झोप, आपल्यासारखेच दुखणाईत सोबतीला आणि कुणीतरी आपली विचारपूस करील ही आशा, यांनी बरी होणारी दुखणी तेव्हाही होती. वैद्यांनी हात टेकलेले रुग्ण इथे यायचे. वैद्य आणि देऊळ यांचं वैर असल्याचंही दिसत नाही; वैद्य स्वतः अस्क्लेपियसला मानायचे. अथेन्समध्ये तर हा देव आला इ.स.पू. 420 मध्ये, शहर महामारीतून होरपळून निघाल्यावर.

पण एपिदॉरसचा एक नियम पौसानियासने सांगितलाय. देवाच्या आवारात कुणी मरता कामा नये, आणि कुणी बाळंतही होता कामा नये. मरणाला टेकलेल्यांना आणि अडलेल्या बायकांना उघड्यावर राहावं लागे. त्यांच्यासाठी इमारत उभी राहिली ती पौसानियासच्या काळात, रोमन अमदानीत. म्हणजे दगडावर फक्त बरे झालेलेच येणार, हे आधीच ठरलेलं. फिलिस्कसला त्या दगडांवर जागा नव्हती.

[दृश्य – जवाची पेज, मध, व्हिनेगर, वाळलेल्या मुळ्या.]

मग वैद्यांकडे औषध काय होतं? फारसं नव्हतंच. जवाची पेज, मधपाणी, मध घातलेलं व्हिनेगर, जुलाब, रक्त काढणं. हाडं बसवण्यात आणि जखमा बांधण्यात त्यांचा हात खरोखर चांगला होता. शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस असतात, ही त्यांच्यातल्या काहींची मांडणी चुकीची होती, तरी ती दोन हजार वर्षं टिकली. बगदादमार्गे ती युनानी वैद्यकात आली. त्या वैद्यकाची महाविद्यालयं मुंबईत आणि मालेगावात आजही आहेत.

इ.स.पू. 430 मध्ये अथेन्समध्ये महामारी आली. तिचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडिस स्वतः त्या दुखण्यातून उठला होता. तो सांगतो, वैद्यांचा काही इलाज चालला नाही, देवळांतल्या प्रार्थनाही फुकट गेल्या, आणि सगळ्यात जास्त वैद्यच मेले, कारण आजाऱ्यांजवळ सगळ्यात जास्त तेच जात होते.

“मदत करा, निदान अपाय तरी करू नका.” हे वाक्य हिपोक्रेटिसच्या शपथेतलं आहे असं बरेच जण समजतात. ते आहे ‘एपिडेमिक्स’मध्ये, या तापाच्या नोंदींच्याच बरोबर.

त्याच नोंदींमध्ये डेलिआर्सेसची बायको आहे. दुःखाचा धक्का बसला आणि त्यानंतर तिला ताप आला. ती अंगावर पांघरूण ओढून गप्प पडून राहायची, बोटांनी काहीतरी चाचपायची, केस उपटायची, मध्येच रडायची, मध्येच हसायची. एकविसाव्या दिवशी ती गेली. वैद्याने अंगाच्या तापाइतकंच तिच्या मनाचं दुखणंही लक्ष देऊन लिहिलं आहे. तिचं स्वतःचं नाव मात्र त्याने लिहिलं नाही, नवऱ्याचंच लिहिलं. ते मला खटकतं.

संग्रहाच्या पाचव्या भागात ऑटोनोमस भेटतो. डोक्यात दगड बसलेला. कवटीला भोक पाडून इलाज करायला हवा होता. लिहिणारा कबूल करतो, की ते माझ्या लक्षात आलं नाही. कवटीच्या सांध्यांनी मला फसवलं. रुग्ण वाचला नाही, आणि पुढच्या वैद्याला मात्र कुठे बघायचं ते समजलं.

[दृश्य – पुन्हा थासोस. पावसाळी आभाळ.]

थासोसच्या नोंदींची सुरुवात माणसांपासून होत नाही, हवामानापासून होते. शरद संपातापासून कृत्तिका मावळेपर्यंत पुष्कळ पाऊस झाला, वारा दक्षिणेचा होता, असं आधी येतं. मग कोणते ताप पसरले, ते कितव्या दिवशी चढले, कितव्या दिवशी उतरले. दिवसाआड येणारा ताप वेगळा, दोन दिवस सोडून येणारा वेगळा, हा फरक त्यांनी नीट धरला होता.

काळी लघवी, फुगलेली प्लीहा, सम दिवशी जोर करणारा ताप. फिलिस्कसची नोंद वाचून आजच्या काही डॉक्टरांना हिवतापाचा संशय येतो. 1880 च्या दशकात इटलीतल्या पाविया इथे कामिल्लो गोल्जी यांनी दाखवून दिलं, की हिवतापाचे परजीवी एका जातीत 48 तासांनी आणि दुसऱ्या जातीत 72 तासांनी रक्तपेशी फोडून बाहेर पडतात, आणि ताप त्याच वेळी चढतो. हा परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना दिसला तो 1897 साली, सिकंदराबादला.