पीएम रूममधली माणसं कशी तग धरतात

(दृश्य: स्टीलचं टेबल, पाण्याचा पाइप, भिंतीवर टांगलेले रबरी एप्रन)

सरकारी रुग्णालयाची पीएम रूम, म्हणजे शवविच्छेदनाची (पोस्टमॉर्टेमची) खोली. शीतपेटीचं तापमान 4 अंशांच्या आसपास. पोलिसांचे कागद आले की कर्मचारी आधी मृतदेहावरचा नंबर ताडून पाहतो, मग हातमोज्यांच्या दोन जोड्या चढवतो.

नवख्याला पहिल्यांदा छळतो तो वास. काही मिनिटांत नाक सरावतं आणि वास बराच बोथट होतो. पण जो सारखा बाहेर पळतो, त्याला आत येताना तो दर वेळी नव्यानं झोंबतो. त्यामुळे जमेल तेवढं काम एका दमात उरकलेलं बरं. नाकाखाली बाम चोळणारे बरेच. त्यानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, वास जात नाही.

(दृश्य: वाकडी सुई, जाड दोरा, हातमोज्यातली बोटं)

शवविच्छेदन झालं की शिवण. इथे सुईच्या टोकावर नजर ठेवायची, चेहऱ्याकडे वळवायची नाही. दोन टाक्यांमधलं अंतर सारखं, दोरा घट्ट, शेवटी अंग धुऊन पुसायचं. नातेवाइकांच्या ताब्यात देह नीटनेटका द्यायचाय, एवढं डोक्यात असलं की हात थरथरत नाही. आमच्या मते या कामातला सगळ्यात भक्कम आधार हाच.

(दृश्य: प्लास्टिकची पिशवी; घड्याळ, पाकीट, मोबाइल)

मन हलतं ते बहुतेक वेळा या पिशवीपाशी. पाकिटात लेकीचा शाळेतला फोटो असतो. मोबाइल वाजतो, पडद्यावर ‘आई’.

अमेरिकेच्या यूएसएस आयोवा या युद्धनौकेवर 1989 मध्ये तोफेच्या बुरुजात स्फोट होऊन 47 नौसैनिक मरण पावले. ते मृतदेह हाताळणाऱ्या 54 स्वयंसेवकांचा रॉबर्ट उर्सानो आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. ‘हा माझा मित्रही असू शकला असता’ असं ज्यांच्या मनात आलं, त्यांच्यात पीटीएसडीचं, म्हणजे भीषण अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक आघाताच्या विकाराचं, प्रमाण जास्त निघालं.

म्हणून वस्तूंची यादी एकानं करावी, शिवण दुसऱ्यानं. मोबाइल आधीच सायलेंटवर. लहान मुलाचा देह आला, तर घरी त्याच वयाचं मूल असलेल्याला बाजूला ठेवावं. हे जमवायला किमान दोन माणसं लागतात, आणि गाडं अडतं ते बहुधा इथेच.

‘घेतल्याशिवाय हे काम होतच नाही,’ असं सर्रास म्हटलं जातं. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि वाईट स्वप्नं नेमकी तेव्हा गाठतात. शिवाय हात जड झाला की सुई बोटात; मग हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची धास्ती.

मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकदाच गोळा करून ‘बोला, मन मोकळं करा’ असं बसवतात. त्यानं पीटीएसडी टळत नाही, हे अभ्यासांनी दाखवलंय. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यावं, गप्प बसणाऱ्याला खोदू नये.

पहिले काही दिवस मटण नकोसं वाटलं, झोप चाळवली, तर घाबरू नये. महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, ड्युटीच्या नुसत्या विचारानं छातीत धडधडत असेल, तर मनोविकार विभागात जावं. तिथे ओळखीचे भेटतील असा संकोच वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.