देवाचं नाव आणि आपली रोजची बोली

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की आता हा माणूस 'ओह माय गॉड म्हणू नका' यावर तासभर झाडणार. त्यावर बोलणार आहे पण झाडणार नाही, कारण माझ्या मते आपलं भांडण चुकीच्या शब्दावर चाललंय.

ख्रिस्ती लोकांत शब्दांवरून होणारे वाद म्हणजे न संपणारं प्रकरण. एका घरात 'देवाशप्पथ' सहज चालतं, दुसऱ्या घरात त्याच शब्दासाठी पोरगं ओरडा खातं. कुणी 'गुड लक' म्हटलं की समोरचा म्हणतो आम्ही लक वगैरे मानत नाही, आशीर्वाद म्हणा. कुणी 'एक्समस' लिहिलं की ख्रिस्तालाच सणातून काढून टाकलंत म्हणून चिडणारे असतात, आता तो 'एक्स' म्हणजे ग्रीकमध्ये ख्रिस्त या नावाचं पहिलं अक्षर आहे आणि फार जुन्या काळापासून लोक तसं लिहीत आलेत, त्यामुळे निदान तेवढ्यापुरतं तरी बीपी वाढवू नये.

मूळ वाद बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एकीचा. तुझा देव परमेश्वर याचं नाव व्यर्थ घेऊ नको. कॅथलिक आणि लूथरन मोजतात तेव्हा ती दुसरी आज्ञा, ऑर्थोडॉक्स आणि बाकीचे बरेचसे प्रोटेस्टंट मोजतात तेव्हा तिसरी, म्हणजे नंबरवरच एकमत नाही तर अर्थावर कुठून येणार! आणि 'व्यर्थ' म्हणजे नक्की काय? बायबलच्या लेवीय पुस्तकात १९व्या अध्यायात सरळ म्हटलंय की माझ्या नावाने खोटी शपथ घेऊ नका, म्हणजे जुन्या काळी मुख्य रोख होता तो देवाला साक्षीला ठेवून खोटं बोलण्यावर. दचकून तोंडातून निघालेला शब्द हा त्या यादीत नंतर आला.

इथे धर्मशिक्षणाची दोन जुनी पुस्तकं शेजारी ठेवून बघा. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १५२९ मध्ये जे मोठं धर्मशिक्षण लिहिलं त्यात तो काय म्हणतो, तर काही भयंकर दिसलं, ऐकलं की 'प्रभू देवा, सांभाळ' असं पटकन तोंडातून यायची सवय पोरांना लावा, आणि काही अचानक चांगलं झालं, अगदी किरकोळ का असेना, तरी 'देवाचे आभार' म्हणायची. म्हणजे त्याच्या मते नाव व्यर्थ न घेण्याचा उपाय नाव टाळणं नाहीच, नीट घेणं हा आहे. आणि १५६३ चं हायडेलबर्ग धर्मशिक्षण, रिफॉर्म्ड म्हणजे कॅल्विनच्या वाटेने गेलेल्या प्रोटेस्टंटांचं, तिथे सूर एकदम वेगळा, नाव भीतीने आणि आदरानेच घ्या, आणि देवाच्या नावाची निंदा करण्याइतकं मोठं पाप दुसरं नाही. दोन्ही सुधारणावादी, मध्ये जेमतेम ३४ वर्षं, आणि आजही आपल्यातले अर्धे लूथरच्या घरात वाढलेत अर्धे हायडेलबर्गच्या, फक्त आपल्याला ते माहीत नसतं, आपण म्हणतो 'आमच्याकडे असंच शिकवलंय'.

मी या बाबतीत लूथरकडे झुकतो. 'अरे देवा' एक जण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून म्हणतो आणि एक जण नेट स्लो झालं म्हणून म्हणतो, शब्द तेच, आणि खरं सांगायचं तर नेटवाल्याच्या मनात त्या क्षणी काय चाललंय हेही मला बाहेरून कळत नाही. त्याच्या तोंडावर मी पोलीस का होऊ?

पोलीसगिरी करून बघितलेली आहे बरं का, अगदी कायदा करून. इंग्लंडमध्ये १६०६ साली नाटकवाल्यांसाठी कायदा झाला, स्टेजवर देवाचं, ख्रिस्ताचं, पवित्र आत्म्याचं नाव चेष्टेने घेतलं तर दर वेळी १० पौंड दंड. झालं काय, तर 'गॉड' च्या जागी 'हेवन' आलं, शेक्सपिअरच्या १६२३ च्या छापील संग्रहात हे बदल काही नाटकांत दिसतात. पात्राचा राग तोच, शिवी तीच, शब्द तेवढा सोवळा. 'गॉश', 'जीझ' वगैरे जे आहेत तेही अशीच मूळ नावं थोडी मोडून झालेले शब्द, आणि त्यावरूनही वाद आहेच, काहींच्या मते नाव टाळलं ना मग ठीक, काहींच्या मते देव काय एवढा भोळा आहे का.

आता शपथेकडे येतो, कारण या वादात लोक खरोखर जेलमध्ये गेलेत. मत्तयच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो, शपथ वाहूच नका, तुमचं होय ते होय असू दे, नाही ते नाही. याकोबाच्या पत्रात परत तेच. ॲनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे फक्त मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाने, १५२७ मध्ये श्लाइटहाइम गावी जे कबुलीपत्र केलं त्यात हे अक्षरशः घेतलं, शपथ नाही म्हणजे नाही, कोर्टात पण नाही. हायडेलबर्गवाले म्हणाले सरकारने मागितली किंवा गरज पडली तर आदरपूर्वक घ्यायला हरकत नाही. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाला तर इंग्लंडमध्ये हे फार महागात पडलं. राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार म्हणजे राजद्रोही असा संशय, १६६२ मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा झाला, कित्येक जण तुरुंगात गेले. शेवटी १६९६ मध्ये पार्लमेंटने सवलत दिली की शपथेऐवजी साधं प्रतिज्ञेचं वाक्य म्हणा. पण त्या वाक्यात 'सर्वशक्तिमान देवाच्या समक्ष' असे शब्द घातले होते, आणि मग क्वेकरांच्या आतच भांडण लागलं, निम्मे म्हणाले घ्या की, सुटका झाली, बाकीचे म्हणाले ही शपथच आहे, नुसता वेश बदललाय. ते मिटायला १७२२ उजाडलं, तेव्हा देवाचा उल्लेख नसलेलं वाक्य मंजूर झालं. म्हणजे बघा, अत्यंत श्रद्धाळू माणसांनी आग्रह धरून देवाचं नाव एका वाक्यातून काढून घेतलं! मला ही गोष्ट फार आवडते. त्यांचं म्हणणं असं की कोर्टात देवाचं नाव घेऊन खरं बोलणार म्हणजे एरवी मी खोटं बोलतो असं मीच कबूल करतोय.

बरं, आता आपल्याकडे बघू, म्हणजे नियमित चर्चला जाणाऱ्यांकडे. 'ओह माय गॉड' आपण म्हणत नाही. पण चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलो की 'प्रेज द लॉर्ड मी सकाळी उठलो हालेलूया आणि प्रेज द लॉर्ड बस मिळाली', स्वल्पविराम म्हणून वापरतो आपण. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला की न वाचता 'आमेन', काल एका ग्रुपवर निधनाची बातमी होती, खाली तीन आमेन. आणि 'प्रभूची इच्छा असेल तर'. याकोबाने ४थ्या अध्यायात हे वाक्य शिकवलं ते आपल्या प्लॅनिंगचा माज उतरावा म्हणून, आपण वापरतो ते यायचं नसताना नाही म्हणायचा धीर होत नाही म्हणून.

पण हे सगळं तरी किरकोळ. माझा खरा मुद्दा पुढचा आहे. कमिटीची मीटिंग, हॉलचं छत आधी करायचं की साउंड सिस्टिम आधी घ्यायची यावर चर्चा चालू, दोन्हीकडून कोटेशनं आलीयत, आणि एक जण म्हणतो, "मी यावर प्रार्थना केली, प्रभूने मला दाखवलं की साउंड सिस्टिम." झालं. आता कोण बोलणार? छत गळतंय म्हणणारा एकदम देवाच्या विरोधात जाऊन बसला. लग्नाच्या बाबतीत तर हे अजून वाईट, 'देवाने मला सांगितलं की तूच', अरे पण त्या मुलीला नको का सांगायला देवाने?

नाव व्यर्थ घेणं म्हणजे हे, असं माझं मत आहे. आपल्या मतावर देवाची सही मारणं.

जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २३वा अध्याय घरी जाऊन वाचा. तिथे संदेष्टे ऊठसूट 'परमेश्वर म्हणतो' असं म्हणतायत, आणि देव म्हणतो मी यांना पाठवलेलंच नाही, हे आपल्याच मनातलं बोलतायत. आणि पुढे तर 'परमेश्वराचा भार', म्हणजे परमेश्वराचा संदेश अशा अर्थाने जो शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी बसला होता, तो देव स्वतः बंद करतो, यापुढे हे शब्द उच्चारायचे नाहीत म्हणून. शब्द अगदी धार्मिक, चुकीचं त्यात काही नाही, पण वापरून वापरून त्याची वाट लावलेली.

आमचे पेंटेकॉस्टल मित्र, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या चर्चवाले, इथे हरकत घेतात आणि ती हरकत योग्य आहे. ते म्हणतात देव आजही बोलतो, भविष्यवाणी तुच्छ मानू नका असं पौलाने थेस्सलनीकाकरांना पत्रात लिहिलंय. मान्य. पण त्याला लागूनच लिहिलंय की सगळं पारखून बघा, आणि करिंथकरांना सांगितलंय की दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी. पारख करायची म्हणजे 'मला नाही पटलं' म्हणायची जागा पाहिजे ना. आणि पौल स्वतः काय करतो ते बघा, पहिलं करिंथ, ७वा अध्याय. लग्नावर लिहिताना एके ठिकाणी म्हणतो हे प्रभू सांगतो, लगेच पुढे, हे प्रभू नाही, मी सांगतो. मग अजून पुढे, याबद्दल मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत देतो. आणि शेवटी, मलाही देवाचा आत्मा आहे असं मला वाटतं. 'मला वाटतं'! प्रेषित आहे तो, आणि साउंड सिस्टिमवाल्यापेक्षा जपून बोलतोय.

एक चिठ्ठी आलीये, धर्मगुरूला 'फादर' म्हणावं की नाही. मत्तय २३ मध्ये पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका असं आहे, त्यावरून बरेच प्रोटेस्टंट टाळतात. पण त्याच दमात तिथे गुरू म्हणवून घेऊ नका असंही आहे आणि टाळणाऱ्यांच्या चर्चमध्ये टीचर आणि डॉक्टर भरपूर असतात, तिथे कुणी अडत नाही. शिवाय पौल करिंथकरांना म्हणतो शुभवर्तमानाने मी तुमचा बाप झालो. मला विचाराल तर तो उतारा मोठेपणा मिरवण्यावर आहे, हाकेवर नाही, पण ज्याला म्हणायचं नाही त्याने 'पास्टर' म्हणावं, यावरून कुणाच्या घरी जाणं बंद करू नये. दुसरी चिठ्ठी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात हालेलूया म्हणावं का. पश्चिमेकडच्या परंपरेत त्या काळात ते थांबवतात, पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स उलट तेव्हाही म्हणतात, आणि अकराव्या शतकात त्यांनी पश्चिमेवर केलेल्या तक्रारींत हीसुद्धा एक तक्रार होती. यावर बोलायला लागलो तर अजून तास जाईल, चहाला उभं राहून बोलू.