भिंतीतली काळी रेघ

(पडद्यावर पोटाच्या सीटी स्कॅनची चित्रं एकामागून एक सरकताहेत.)

पोटात हवा असण्यात नवल ते काय? जेवताना, पाणी पिताना आपण ती गिळतो, ढेकर देऊन सोडतो. पण इथे थांबा. ही हवा पोकळीत नाही. ती जठराच्या भिंतीत शिरली आहे. बारीक, वाकडी, काळी रेघ.

सीटीच्या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास. पोट बघायच्या नेहमीच्या सेटिंगवर दोन्ही काळपटच दिसतात. शंका आली, की रेडिऑलॉजिस्ट फुप्फुसाची विंडो, म्हणजे फुप्फुस बघायची सेटिंग, लावून बघतात. चरबी उजळते, हवा काळी ती काळीच.

(जठराच्या रक्तवाहिन्यांचं रेखाटन.)

अशी रेघ म्हणजे भिंतीला रक्त मिळेनासं झाल्याची खूण असू शकते. पण खरं तर जठराचं रक्त तोडणं सोपं नाही. आतल्या वळणावर दोन धमन्या, बाहेरच्या वळणावर दोन, वर प्लीहेकडून येणाऱ्या बारीक फांद्या. आणि सगळ्यांचे हात एकमेकींच्या हातात. एक वाट बुजली तर दुसरीने रक्त येतं. अन्ननलिका काढावी लागते तेव्हा सर्जन जठराचीच नळी करून वर छातीत ओढून घेतात. ती नळी जगते मुख्यतः बाहेरच्या वळणावरच्या एकट्या उजव्या धमनीवर!

असं चिवट जठर हरतं कधी? रक्तदाब फार वेळ कोसळलेला राहिला तर. या सगळ्या जिथून फुटतात त्या मुळाच्या धमनीत गुठळी अडकली तर. जठराला पीळ पडला तर. किंवा ते इतकं फुगलं, की भिंतीतल्या शिरा दबून रक्ताला परतीची वाट उरत नाही. आधी मरतं ते अस्तर. मग त्याच्या भेगांतून हवा आत घुसते, मागोमाग जंतू, आणि काही जंतू तिथेच वायू तयार करतात. तो शिरांतून वाहत यकृताच्या पार कडेला पोचतो.

(पुन्हा तीच रेघ.)

गंमत म्हणा वा गोची, जोराच्या उलट्यांनंतर किंवा एन्डोस्कोपीनंतरही अशीच रेघ दिसू शकते. तो पेशंट गप्पा मारत बसलेला असतो आणि रेघ काही दिवसांत आपोआप जाते. दुसऱ्याचा रक्तदाब घसरत असतो, पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं रक्तातलं लॅक्टेट चढत असतं. त्याला कदाचित तासाभरात ऑपरेशन टेबलावर घ्यावं लागेल.

(रिपोर्टिंग रूम. फोन उचलला जातो.)

म्हणून वॉर्डात फोन लावल्यावर रेडिऑलॉजिस्ट रेघेचं नंतर सांगतात. आधी विचारतात, “पेशंट कसा आहे?”