ब्रेक मारला की मागचा पट्टा

मंडळी, आधी एक प्रश्न विचारतो. चार चाकांची एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली, कच्च्या रस्त्यावर चालवायची गाडी, ट्रकच्या हौद्यात उभी आहे, तोंड केबिनकडे. पुढून दोन पट्टे, मागून दोन पट्टे. ट्रक वेगात आहे आणि चालकाने करकचून ब्रेक मारला. आता एटीव्हीला कोण धरून ठेवणार, पुढचे पट्टे की मागचे?

(बहुतेक हात ‘पुढचे’ म्हणून वर गेले.)

मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. पण पट्टा फक्त ओढू शकतो, ढकलणं त्याला जमत नाही. ब्रेक लागला की ट्रक थांबू लागतो आणि एटीव्ही आधीच्याच वेगाने पुढे निघते. तिला मागे खेचून धरायचं ते मागच्या पट्ट्यांनी. पुढच्या दोघांवर त्या क्षणी काहीच ताण नसतो, उलट ते सैल पडतात. आणि आपण करतो काय? नवा, जाड पट्टा पुढे लावतो आणि मागे ‘असू दे’ म्हणून जुना, कडा विसविशीत झालेला.

आता हा ताण किती असतो ते पाहू. माल बांधणीचं ईएन १२१९५-१ हे युरोपीय मानक घ्या किंवा अमेरिकेतले नियम घ्या, हिशोब एकच धरतात: पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे ०.५ पट. तुमची एटीव्ही ३५० किलोची असेल तर ब्रेकच्या क्षणी २८० किलोचा ओढा. तो दोन मागच्या पट्ट्यांत वाटला की प्रत्येकी १४०, असं वाटेल. तिथेच फसगत होते. पट्टा सरळ मागे जात नाही, तो खालीही जातो आणि बाजूलाही जातो. दोन्हीकडून ४५ अंशांचा कोन धरला तर पट्ट्यातल्या ताणापैकी निम्माच मागे ओढण्याच्या कामी येतो. म्हणजे घर्षण बाजूला ठेवलं तर प्रत्येक पट्ट्यावर पुन्हा पूर्ण २८० किलो.

आता खिशातून चष्मा काढा आणि पट्ट्यावरची चिठ्ठी वाचा. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा पट्टा तुटण्याचा असतो. कामाला धरायचा आकडा साधारण त्याच्या एक तृतीयांश. २५ मिलिमीटर रुंदीचे हलके रॅचेट पट्टे, म्हणजे दातेरी दांडा हलवून आवळायचे, बाजारात भरपूर दिसतात. त्यांतल्या बऱ्याच पट्ट्यांची तुटण्याची मर्यादा ६८० किलो आणि कामाची २२५. आपल्याला हवे होते २८०. चाकांचं घर्षण थोडा भार उचलेल, मान्य, पण हौद्याचा पत्रा ओला किंवा चिखलाने माखलेला असेल तर ते घर्षण किती, आणि खड्ड्यात चाक उडालं तर त्या क्षणी किती? मी घर्षणावर पैज लावत नाही. जरा रुंद पट्टा घेतो आणि चिठ्ठी फाटलेला पट्टा ताडपत्री बांधायला ठेवतो.

इथपर्यंतचा हिशोब लोखंडी पेटीलाही लागू आहे. एटीव्हीचं दुखणं त्यापुढचं आहे. ती सगळी स्प्रिंगांची बनलेली आहे. मोटारीच्या चाकात ३० ते ३५ पीएसआय हवा असते. हिच्या चाकात बहुधा ५ ते ७. अंगठ्याने दाबलं तर टायर आत जातो. त्यावर लांब हालचालीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. तुम्ही ती कितीही आवळा, रस्त्यात एक धक्का बसला की ती आणखी दोन बोटं खाली बसते, आणि तेवढ्या क्षणापुरता पट्टा सैल होतो.

तो क्षण काय करू शकतो ते मी स्वतः पाहिलंय. सुरुवातीच्या काळात मी एटीव्हीची पुढची चाकं हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून पुढून जोरात आवळायचो. मागे एकच पट्टा. भिंत आहे म्हटल्यावर पुढे जाणार कुठे, असा माझा हिशोब. पट्ट्यांना उघडे, इंग्रजी एस अक्षरासारखे हूक होते. एका वळणावर ब्रेक लागला, टायर भिंतीवर चेपले, गाडी काही सेंटिमीटर पुढे गेली, पुढचे पट्टे लोंबले आणि हूक आपसूक निघाले. मला कळलंही नाही. पुढच्या चढावर एटीव्ही मागे सरकायला लागली, मागचा पट्टा त्या दिशेला उपयोगाचाच नव्हता, आणि ती धाडकन फाळक्यावर आली. फाळका टिकला, हे नशीब. फाळका माल सांडू नये म्हणून असतो, माल अडवायला नव्हे. त्याच्या साखळ्या आणि बिजागऱ्या पाहिल्यात तर पटेल. त्या दिवसापासून तोंड बंद करणारी झाप असलेला हूकच वापरतो, म्हणजे पट्टा लोंबला तरी कडीतून सुटत नाही.

स्प्रिंगवर इलाज दोन, आणि दोन्ही पंथांचे लोक एकमेकांना वेड्यात काढतात. पहिला पंथ म्हणतो, चौकटीला बांधा आणि गाडी थोडी खाली दाबून ठेवा, म्हणजे स्प्रिंग सतत वर ढकलत राहील आणि पट्टा ताणलेला राहील. बरोबर आहे, पण ‘थोडी’ या शब्दाला महत्त्व आहे. एकूण हालचालीच्या एक तृतीयांश दाबली तर पुरे. अगदी तळाला नेऊन बसवली तर पुढचा प्रत्येक धक्का थेट चौकटीला आणि हुकाला. दुसरा पंथ चाकांना बांधतो, टायरवरून जाणारी जाळी किंवा चाक चौकटीला जोडणाऱ्या भक्कम दांड्यांना मऊ फास टाकून. मग वरचं धूड रस्त्यावर नाचलं तरी पट्ट्याला त्याचा पत्ता नसतो. लांबच्या प्रवासाला मी या दुसऱ्या पंथातला. फक्त फास टाकताना ब्रेकची नळी आणि एक्सेलवरचं रबरी आवरण खाली सापडत नाही ना, हे वाकून बघावं लागतं. गुडघे दुखतात, पण बघावं.

बांधू नये अशा जागाही सांगतो. सामानाचा रॅक दिसायला मजबूत नळीचा असतो, पण तो चार-सहा बोल्टांवर सामान पेलायला बसवलेला आहे, पूर्ण गाडी धरायला नाही. हँडलला पट्टा टाकायची सवय मोटारसायकलवाल्यांकडून आलीय. इथे हँडल वळलं की पट्टा ढिला. प्लास्टिकच्या मडगार्डबद्दल बोलतच नाही.

पट्ट्याच्या बारीकसारीक गोष्टी झटपट. रॅचेटच्या दांड्यावर दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. कमी असतील तर पट्टा निसटतो, फार झाले तर गुंडाळी इतकी फुगते की दात नीट बसत नाहीत. पट्टा लांब पडला म्हणून गाठ मारलीत तर त्याची ताकद निम्म्यावर येते. धारदार कोपऱ्यावरून जात असेल तर खाली रबराचा तुकडा. आणि मोकळ्या भागाला अर्धा पीळ द्या, म्हणजे वाऱ्याने तो फडफडत नाही. त्या फडफडीचा घूं-घूं आवाज तासभर ऐकलेला माणूस हे कधी विसरत नाही. लवचिक रबरी दोऱ्या हेल्मेट अडकवायला ठीक. त्यांनी गाडी बांधू नका, सुटल्या तर डोळ्यावर येतात.

‘गिअरमध्ये टाकून ठेवली की झालं’ असं म्हणणारे इथेही असतील. बऱ्याच एटीव्हींमध्ये रबरी बेल्टवर चालणारं स्वयंचलित गिअर असतं. इंजिन बंद असलं की तो बेल्ट चाकांना पकडतच नाही, गिअर पडलेला असूनही गाडी ढकलली तर जाते. ‘पार्क’ किंवा हँडब्रेक असेल तर लावा, पण ते नाहीतच असं समजून चाकांना ठोकळे लावा आणि पट्टे बांधा. किल्ली काढा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा, सीटची कडी दाबून बघा. वाऱ्याने उडालेली सीट मागच्या गाडीच्या काचेवर जाते.

चढवताना अपघात जास्त होतात, तरी त्यावर थोडंच बोलतो, कारण मुख्य चूक एकच आहे. हौदा ९० सेंटिमीटर उंच आणि रॅम्प १८० सेंटिमीटरचा असेल तर चढ ३० अंशांचा होतो. रॅम्प २४० चा घेतलात तर २२ वर येतो. आणि रॅम्प ट्रकला बांधलेला हवा. चाकं फिरतात तेव्हा ती गाडीला वर नेतात आणि रॅम्पला तेवढ्याच जोराने मागे ढकलतात. मोकळा रॅम्प निसटतो आणि गाडी उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर. विंच, म्हणजे दोराने गाडी वर ओढणारं यंत्र, असेल तर मी वर बसतच नाही.

ट्रेलर असेल तर आणखी एक हिशोब. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणाऱ्या गोळ्यावर यायला हवा. एटीव्ही फार मागे उभी केलीत तर तो भार घटतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. ती हलायला लागली की मग पट्ट्यांच्या हातात काही नसतं. एकदा जागा नीट सापडली की मी फळीवर चाकाशेजारी रंगाची रेघ मारून ठेवतो.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत थांबा. अमेरिकी नियमांत ट्रकचालकाने पहिल्या ८० किलोमीटरच्या आत माल तपासायचा असतो. पण एटीव्हीचे टायर इतके मऊ की ती त्याच्या कितीतरी आधी बसते, आणि रॅचेटचे एक-दोन दात हमखास ओढावे लागतात.

(प्रश्न आला: उतरवताना आधी कुठला पट्टा सोडायचा?)

चांगला प्रश्न. पट्टा सोडण्याआधी ब्रेक लावा आणि ठोकळे जागेवर आहेत का बघा, कारण ट्रक उभा आहे ती जमीन सपाट असेलच असं नाही. मग उताराच्या खालच्या बाजूला खेचणारे पट्टे आधी, आणि गाडीला उताराविरुद्ध धरून ठेवणारे शेवटी. रॅचेट उघडताना चेहरा बाजूला ठेवा. दाबलेली स्प्रिंग सुटते, गाडी झटकन वर उसळते आणि हँडल नेमकं हनुवटीच्या उंचीला येतं. (हशा) हसू नका, हा इथला व्रण त्याचाच आहे.