फडातली रांग

(ख्रिस्तशरीराच्या सणानिमित्त मराठवाड्यातल्या एका धर्मग्रामात दिलेलं व्याख्यान, संपादित)

फादरांनी विषय दिला, पवित्र साक्रामेंताची, म्हणजे वेदीवर ख्रिस्तशरीर झालेल्या भाकरीची, भक्ती वाढवायची कशी. मी धर्मगुरू नाही, गणिताचा मास्तर. वाढवायची म्हटलं की मला बेरीज आठवते: आणखी एक नऊ दिवसांची नोव्हेना, आणखी एक जपमाळ. पण भक्ती तशी वाढताना मी पाहिली नाही. मी पाहिली ती माझ्या थोरल्या चुलतीची.

दिवाळी झाली की चुलता-चुलती मुकादमाची उचल फेडायला सांगलीकडं ऊसतोडीला जायचे. पाच-पाच महिने मिस्सेची उपासना नाही, त्यात रांगेनं मिळणारी ती भाकर, कम्युनियन, नाही. गावाकडं फादर महिन्यातून दोनदाच यायचे, पण कोणत्या रविवारी हे तिला तोंडपाठ. त्या दिवशी मोळी बांधता बांधता ती म्हणायची, "तिकडं रांग लागली असंल. मी बी उभीय." कोयता खाली ठेवायची सोय नव्हती. ओठ तेवढे हलायचे.

लहानपणी मला हे बाईचं भाबडेपण वाटायचं. पुढं कळलं, की त्रेंत इथं भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेनं 1551 सालीच हे लिहून ठेवलंय. कुणी जिभेवर घेतो पण मनानं घेत नाही, कुणाला मिळत नाही पण तो श्रद्धेनं आणि ओढीनं घेतो, आणि कुणी दोन्ही रीतींनी घेतो. अडाणी चुलती दुसऱ्या ओळीतली. पहिल्या ओळीत कोण, ते मी सांगत नाही. आरसा घरोघरी आहे.

आपल्याला आता सगळं सोपं झालंय. एकेकाळी भाविक लोकही वर्षातून मोजक्याच वेळा कम्युनियन घ्यायचे. पोप दहावे पायस यांनी 1905 मध्ये वारंवार, अगदी रोजही घ्या, म्हणून सांगितलं. 1910 मध्ये सात वर्षांच्या आसपासच्या लेकरांनाही दार उघडलं. पूर्वी मध्यरात्रीपासून उपास असायचा, 1964 पासून कम्युनियनच्या आधीचा एक तास उरला. त्यातही पाणी आणि औषध चालतं. हा तास आपण पोटापुरता पाळतो. त्या तासात मोबाइल बाजूला ठेवून शुभवर्तमानाचा त्या दिवसाचा उतारा वाचला, तर तो उपास पोटाच्या वर चढेल.

आणि नंतरचं? अजून शेवटचा आशीर्वाद व्हायचाय, तोवर बाहेर मोटारसायकलींना किक. ख्रिस्तसभा शिकवते, भाकरीचं रूप टिकून असेपर्यंत प्रभू त्यात हजर असतो. पाहुणा उंबऱ्यात आला आणि आपण गाडीवर टांग टाकली, असं आपल्या गावात चालेल का? पाच मिनिटं बसा. बोलायला सुचलं नाही तरी बसा. चुलती परत आल्यावर पहिल्या मिस्सेनंतर उठायचीच नाही, पोरं पदर ओढायची.

एक गोष्ट मला कायम खटकते. आपण 'आमची रोजची भाकर' म्हणतो, आणि आपली रोजची भाकर ज्वारीची. पण वेदीवरची भाकर गव्हाचीच लागते, गहू आणि पाणी, बाकी काही नाही, नियमच आहे. कितीही पांढरीशुभ्र मालदांडी चालत नाही. लहानपणी मला वाटायचं, म्हणजे देव सुद्धा सणालाच आपल्याकडं येतो! आता वाटतं, आमच्या घरात गहू सणालाच शिजायचा, म्हणून त्या भाकरीचं अप्रूप आम्हाला फुकट मिळालं.

पौलानं करिंथकरांना सुनावलं ते विसरू नका. प्रभूच्या भोजनाला जमता आणि एक उपाशी, दुसरा प्यालेला. दिवाळीनंतर आपल्यातली किती घरं कुलूपबंद असतात, त्यांची म्हातारी माणसं कुणाच्या भाकरीवर राहतात, हे विचारल्याशिवाय साक्रामेंतापुढच्या आराधनेत गुडघे टेकायला मला तरी अवघड जातं.

आराधनेला दहा मिनिटं आहेत. फडावरून परतलेले सगळे मागच्या भिंतीला टेकून बसलेत. पुढचे चार बाक रिकामे आहेत, तुम्हीच पुढं या.