समोरचा आलाच नाही तर : चीनमधल्या एकतर्फी घटस्फोटाची गोष्ट

[विवाह नोंदणी कार्यालय. काउंटरवर अर्ज भरणारी जोडपी.]

चीनमध्ये लग्न मोडायला कोर्टाची पायरी चढावीच लागते असं नाही. नवरा-बायको दोघं राजी असतील, मुलं कुणाकडे राहणार, घर कुणाला, कर्ज कोण फेडणार हे लेखी ठरलं असेल, तर दोघांनी मिळून विवाह नोंदणी कार्यालयात जायचं आणि अर्ज द्यायचा. १ जानेवारी २०२१ रोजी नवी नागरी संहिता लागू झाली आणि या अर्जाला ३० दिवस थांबण्याची अट जोडली गेली. त्या ३० दिवसांत दोघांपैकी कुणीही एकट्याने जाऊन अर्ज मागे घेऊ शकतं. मुदत संपली की पुढच्या ३० दिवसांत दोघांनी पुन्हा जातीने हजर राहायचं, तेव्हा कुठे घटस्फोटाची लाल पुस्तिका हातात पडते. एक जण जरी आला नाही, तरी अर्ज बाद.

म्हणजे या वाटेवर नकार द्यायला तोंड उघडायचीही गरज नाही. घरी बसून राहिलं तरी पुरतं.

२०२० मध्ये नोंदणी कार्यालयं आणि न्यायालयं मिळून चीनमध्ये सुमारे ४३ लाख घटस्फोट झाले होते. २०२१ मध्ये तो आकडा २८ लाखांवर आला. सगळी घट या ३० दिवसांमुळे झाली असं म्हणता येणार नाही, कारण लग्नंही वर्षागणिक कमी होत होती. पण एका वर्षात एवढी मोठी घसरण होते, तेव्हा काउंटरवरून परत गेलेल्या त्या माणसांचं पुढे काय झालं, हे विचारायलाच हवं. त्यांतल्या काहींची भांडणं मिटली असतील. आपण आज बोलणार आहोत ते उरलेल्यांबद्दल. ज्यांना सुटायचं आहे, आणि ज्यांचा जोडीदार सोडायला तयार नाही.

[जिल्हा पातळीवरचं न्यायालय. दारावर चीनचं राजचिन्ह.]

अशा माणसासाठी वाट एकच, दिवाणी दावा. तो साधारणपणे ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात दाखल होतो. खर्च फार नाही. घटस्फोटाच्या दाव्याचं शुल्क ५० ते ३०० युआन. वाटणीची मालमत्ता २ लाख युआनच्या वर गेली, तरच वरच्या रकमेवर अर्धा टक्का जास्तीचा. दावा लावणं गरिबालाही परवडावं, ही व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे.

कायद्याचा मजकूरही चांगला आहे. संहितेचं कलम १०७९ सांगतं की न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा. पण दोघांमधला जिव्हाळा खरोखरच संपला असेल आणि समेट होत नसेल, तर घटस्फोट द्यावा. पुढे प्रसंगही सांगितले आहेत. जोडीदाराने दुसरं लग्न केलं किंवा तो दुसऱ्या कुणाबरोबर राहू लागला. घरात मारहाण, छळ किंवा कुटुंबाला वाऱ्यावर सोडणं. जुगार, अमली पदार्थ अशी व्यसनं, जी सांगूनही सुटत नाहीत. आणि पटत नसल्यामुळे सलग दोन वर्षं वेगळं राहणं. यांतलं एक जरी सिद्ध झालं आणि समेट फसला, तरी न्यायालयाने लग्न मोडून द्यायचं आहे. समोरच्याची संमती त्यात कुठेही मागितलेली नाही.

हा हक्क काही काल-परवाचा नाही. क्रांतीनंतर काही महिन्यांतच, १९५० मध्ये, जो विवाह कायदा आला त्याने आई-बापांनी लादलेली लग्नं, बालविवाह आणि उपपत्नी ठेवण्याची चाल बंद केली, आणि बायकोलाही नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध घटस्फोट मागता येऊ लागला. खेडोपाडी लोक त्याला ‘घटस्फोटाचा कायदा’च म्हणू लागले होते. ज्या बायकांनी तो हक्क बजावायचा प्रयत्न केला त्यांतल्या कित्येकींना मार खावा लागला, कित्येकींचे जीव गेले. तेव्हा आज कोर्टात उभ्या असलेल्या बाईच्या मागे सत्तर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

मग अडतं कुठे?

[न्यायालयातली समेटाची खोली.]

अडतं ते पहिल्याच तारखेला. आधी समेट. इथे वकील असला तरी स्वतः यावंच लागतं, कारण लग्न टिकवायचं की मोडायचं हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. ज्याच्या भीतीने घर सोडलं, त्याच्यासमोरच बसून अनेकींना हे सांगावं लागतं. चिनी लोकांत एक म्हण सगळ्यांना पाठ आहे : दहा देवळं पाडलेली परवडली, पण एक लग्न मोडू नये. न्यायाधीशही त्याच समाजातून आलेले असतात. २०१७ मध्ये सिचुआन प्रांतातल्या यीबिनच्या न्यायालयाने घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याला चक्क प्रश्नपत्रिका सोडवायला दिली होती. लग्नाची तारीख, जोडीदाराचा वाढदिवस, आवडतं जेवण. त्याचं तेव्हा खूप कौतुकही झालं. मला ती बातमी आजही खटकते. नवऱ्याचा वाढदिवस लक्षात असणं आणि त्याच्याबरोबर जगता येणं, यांचा एकमेकांशी काय संबंध?

समेट होत नाही. सुनावणी होते. समोरचा माणूस म्हणतो, माझं अजून प्रेम आहे, मी सुधारेन. आणि निकाल येतो : जिव्हाळा पूर्ण संपल्याचं दिसत नाही, घटस्फोट नामंजूर.

हे एखाद-दुसऱ्या कोर्टाचं नाही. चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ आणि २०१७ मधल्या घटस्फोटाच्या खटल्यांचा स्वतःच अहवाल काढला होता. त्यानुसार दहातल्या नऊ खटल्यांत एकाला घटस्फोट हवा होता आणि दुसऱ्याला नको होता. दावा लावणाऱ्यांत ७३ टक्क्यांहून जास्त बायका होत्या. आणि पहिल्या पातळीवर निकाली निघालेल्या खटल्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांमध्ये न्यायालयाने सांगितलं, लग्न चालू ठेवा.

तीनातले दोन परत. वकील आपल्या अशिलाला हे आधीच सांगून ठेवतात : पहिल्या वेळी मिळणार नाही, दुसऱ्या वेळची तयारी ठेवा.

न्यायाधीशांची बाजूही बघायला हवी. त्यांच्यासमोर फायलींचे ढीग असतात. नामंजूर म्हटलं की निकाल लवकर लिहून होतो, कारण मग घर, शेत, मुलं यांच्या वाटणीत शिरावंच लागत नाही. मंजूर केलं तर पुढचं सगळं सोडवायचं. शिवाय चिडलेला नवरा कोर्टाच्या दारात गोंधळ घालेल, बायकोवर किंवा खुद्द न्यायाधीशावर हात उगारेल, ही धास्ती असते; आणि असं काही घडलं तर वरचे अधिकारी जाब न्यायाधीशालाच विचारतात. खेड्यात लग्नासाठी मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना मोठी रक्कम दिलेली असते, काही वेळा कर्ज काढून. बायको गेली की पैसे गेले, आणि दुसरी मिळण्याची खात्री नाही. तो माणूस हट्टाला पेटतो. हे सगळं मी समजू शकते. पण या सगळ्याचा बोजा शेवटी जी दाद मागायला आली तिच्याच डोक्यावर ठेवला जातो, हे मान्य करता येत नाही.

[हुनान प्रांत. हिरवे डोंगर, भातशेती.]

हुनान प्रांतातल्या हेंगयांग काउंटीतल्या एका बाईची गोष्ट २०२१ मध्ये चीनभर गाजली. नवरा जुगारी. २०१६ पासून तिने चार वेळा दावा लावला आणि चारही वेळा तो नामंजूर झाला. नवरा राजी नव्हता, धमक्या देत होता. तो कुठल्या थराला जाईल याची चिंता न्यायालयालाच होती, असं तेव्हाच्या बातम्यांतून पुढे आलं. म्हणजे धमकी त्याने दिली आणि किंमत तिने मोजली. चौथ्या नकाराची बातमी वेइबो या चिनी समाजमाध्यमावर पसरली, लोक संतापले, आणि पाचव्या दाव्यात घटस्फोट मिळाला.

हेनान प्रांतातल्या झेचेंग काउंटीतली दुसरी बाई. २०१९ मध्ये नवऱ्याच्या माराच्या भीतीने तिने आपल्या कपड्यांच्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावरून उडी मारली. पाठीचा कणा मोडला. दावा लावला, पण निकाल लगेच मिळेना. जुलै २०२० मध्ये तिने दुकानातल्या कॅमेऱ्यातलं चित्रण लोकांसमोर ठेवलं, ते कोट्यवधी लोकांपर्यंत गेलं, आणि त्याच महिन्यात न्यायालयाने घटस्फोट दिला.

या दोघींना न्याय मिळाला तो देशभर गवगवा झाल्यावर. जिची बातमी होत नाही तिचं काय?

[बीजिंग. चाओयांग जिल्हा न्यायालय.]

याआधीचं एक प्रकरण चीनमध्ये अजूनही आठवलं जातं. ‘क्रेझी इंग्लिश’ या शिकवणीमुळे घराघरांत पोचलेले ली यांग, आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी किम ली. २०११ मध्ये किम यांनी मारहाणीच्या खुणांचे फोटो वेइबोवर टाकले. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी चाओयांगच्या न्यायालयाने घरगुती हिंसेच्या कारणावरून घटस्फोट दिला, तिन्ही मुलींचा ताबा आईकडे दिला, नुकसानभरपाई दिली आणि नवऱ्याने जवळ येऊ नये म्हणून तीन महिन्यांचा संरक्षण आदेशही काढला. तेव्हा देशात घरगुती हिंसेविरुद्धचा स्वतंत्र कायदाही नव्हता. तो मंजूर झाला डिसेंबर २०१५ मध्ये, आणि लागू झाला १ मार्च २०१६ पासून.

कायदा आला, पण पुराव्याची अडचण संपली नाही. हेनान आणि झेजियांग या दोन प्रांतांतले घटस्फोटाचे लाखाहून जास्त निकाल एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने तपासले. त्यात दिसलं ते अस्वस्थ करणारं आहे : बाईने मारहाणीचा आरोप केला म्हणून घटस्फोट मिळण्याची शक्यता फारशी वाढत नव्हती. कलमात मारहाण हे कारण स्पष्ट लिहिलेलं असूनही.

म्हणून पुरावा काय धरला जातो, हे माहीत असणं फार महत्त्वाचं. पोलिसांत दिलेली तक्रार आणि त्यांनी नवऱ्याला दिलेली लेखी ताकीद. दवाखान्याची कागदपत्रं. ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं नवऱ्याने लिहून दिलेलं हमीपत्र. मोबाइलवरचे निरोप, रेकॉर्डिंग. शेजाऱ्यांची, मुलांची साक्ष. १ ऑगस्ट २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाचे नवे नियम लागू झाले. त्यांत संरक्षण आदेशासाठी अशा पुराव्यांची यादीच दिली आहे, आणि हिंसा झाली असण्याची बरीच शक्यता दिसली तरी आदेश काढता येतो.

[कारखान्याबाहेर सुटलेली पाळी.]

मारहाण नसेल, नुसतंच पटत नसेल, तर दोन वर्षांचं वेगळं राहणं दाखवायचं. ते सोपं वाटतं, पण आहे का? चीनमध्ये कोट्यवधी माणसं गाव सोडून शहरात कामाला आहेत. नवरा एका प्रांतात, बायको दुसऱ्या. वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला म्हणजे चिनी नववर्षाला भेट. पण ते वेगळं राहणं पोटासाठी असतं. पटत नाही म्हणून वेगळे झालो, हे निराळं सिद्ध करावं लागतं. आणि समोरचा म्हणतो, छे, आम्ही तर कामासाठी लांब होतो.

अशांसाठी संहितेने एक नवी सोय केली, आणि ती खरोखर उपयोगाची आहे. पहिला दावा नामंजूर झाल्यावर दोघं आणखी एक वर्ष वेगळं राहिले आणि पुन्हा दावा लावला, तर न्यायालयाने घटस्फोट द्यायचाच आहे. याआधी अशी खात्री नव्हती. नामंजुरीनंतर सहा महिने, काही नवं घडल्याशिवाय, पुन्हा दावा लावता येत नाही, एवढाच नियम होता. तो आजही आहे. फरक असा की आता पहिल्या नकारापासून एक घड्याळ चालू होतं. तो नकार हरल्यासारखा वाटतो, पण त्या कागदावरच्या तारखेला मोल आहे. म्हणून निकाल हातात आल्यावर लगेच वेगळी खोली भाड्याने घ्या, करार स्वतःच्या नावाने करा, वीज-पाण्याची बिलं जपून ठेवा, असा सल्ला वकील देतात.

काही ठिकाणी कायदाच नकाराला बळ देतो. बायको गरोदर असताना, बाळंतपणानंतर वर्षभर आणि गर्भपातानंतर सहा महिने नवऱ्याला घटस्फोट मागता येत नाही, बायकोला येतो. ही अट बाईच्या भल्याची आहे. सैनिकाच्या जोडीदाराला मात्र सैनिकाच्या संमतीशिवाय घटस्फोट नाही, त्या सैनिकाचा गंभीर दोष असेल तर गोष्ट वेगळी.

[शाळेच्या फाटकाबाहेर थांबलेले पालक.]

वाट पाहण्याच्या या वर्षात सगळ्यात जास्त भरडली जातात ती मुलं. दोन वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे आणि आठ वर्षांवरच्या मुलाचं मन विचारात घ्यायचं, हे कायद्यात आहे. मधल्या वयात न्यायालय बरेचदा बघतं की मूल सध्या कुठे रुळलंय. ही गोष्ट कळल्यावर कितीतरी बाप आणि सासरची माणसं मुलाला उचलून दुसऱ्या गावी नेऊन ठेवतात. पहिला दावा नामंजूर, पुढचं वर्षभर मूल नजरेआड, आणि दुसऱ्या दाव्याच्या वेळी ‘मूल तर इथेच रुळलंय’. मुलांपासून अशा तुटलेल्या आया चीनमध्ये ‘जांभळी फीत’ नावाखाली एकत्र आल्या, एकमेकींना कागद लिहायला शिकवू लागल्या. १ जून २०२१ पासून लागू झालेल्या अल्पवयीनांच्या संरक्षणाच्या सुधारित कायद्याने ताब्यासाठी मूल पळवणं, लपवणं याला मनाई केली. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या अर्थनिर्णयाने अशा वेळी न्यायालयाने काय करावं, तेही सांगितलं.

१० मे २०२५ पासून चीनमध्ये लग्न आणखी सोपं झालं. कुटुंबाची नोंदवही लागत नाही, देशात कुठेही नोंदणी करता येते. दोघं राजी असतील तर घटस्फोटाची नोंदणीही आता कुठेही होते, पण ३० दिवसांची अट जशीच्या तशी आहे. आणि समोरचा नाही म्हणत असेल, तर वाट अजूनही तीच : जिल्ह्याचं न्यायालय, समेटाची खोली, पहिला नकार, एक वर्ष, दुसरा दावा. ज्या दाव्यात मारहाण कागदावर सिद्ध आहे, त्यात तरी पहिल्याच वेळी घटस्फोट द्यायला नवा कायदा लागणार नाही. कलम १०७९ मध्ये ते आधीच लिहिलेलं आहे.